घरशाळेची मुलं, बोरिवलीचं जंगल आणि कान्हेरी: हाताने शिकायचे उपक्रम (अनुभव आणि सूचना हव्यात)

कारवी

नमस्कार मंडळी. बोरिवली ते ठाणे या पट्ट्यात मुलांना घरीच शिकवणाऱ्या काही कुटुंबांचा आमचा गट आहे. मुलं सहा ते तेरा वयाची. गेली काही वर्षं आम्ही आठवड्यात मधल्या वारी सकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जातो. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून आमचा वार मंगळवार. आता नवीन कुटुंबं चौकशी करायला लागली आहेत, तेव्हा आम्ही काय करतो ते सविस्तर लिहिते. तुमच्या सूचना हव्याच आहेत.

माझं मत आधीच सांगते. मुलाला दहा ठिकाणं दाखवण्यापेक्षा एकच ठिकाण तिन्ही ऋतूंत दाखवावं, आणि दर वेळी त्याच्या हाताला एक काम असावं. मोजणं, चित्र काढणं, मातीत करून बघणं, काहीही. सुटीच्या दिवशी निघणाऱ्या बऱ्याच फेऱ्यांत माहिती सांगणारे पुढे, मुलं मागे आणि प्रत्येकाच्या हातात छापील कागद असतो: पाच पक्षी शोधा, तीन फुलं ओळखा. कागद भरला की मूल सुटलं! असे कागद आम्ही वापरत नाही.

हेच उद्यान का? मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे, त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, आणि त्याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. निसर्ग आज आणि इतिहास उद्या अशी वाटणी करायची वेळच येत नाही. पाण्याचंच उदाहरण देते, कारण आमचा सगळ्यात जमलेला उपक्रम तोच आहे.

कान्हेरीला बऱ्याच लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. डोंगराच्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी टाक्यात यावं म्हणून खडकात बारीक पन्हळी कोरल्या आहेत. डिसेंबरात गेलात तर त्या दिसतही नाहीत, दिसल्या तरी भेगा वाटतात. जुलैत भर पावसात गेलं की त्याच पन्हळीतून पाणी धावत असतं. आम्ही मुलांना दोघा-दोघांत एकेक टाकं नेमून देतो. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, टाकं भरून वाहिलं तर पुढे कुठे जातं, ते त्यांनी उलट दिशेने वर चढत शोधायचं आणि नकाशा काढायचा. पावसात कागद टिकत नाही, म्हणून मुलं पाटीवर पेन्सिलीने काढतात. आमच्या एका आठ वर्षांच्या मुलीने एक पन्हळ थेट वरच्या लेण्याच्या कपाळापर्यंत नेली. तिथे दाराच्या वर खडकात खाच आहे, पाणी दारात न टपकता बाजूला जावं म्हणून. आम्हा मोठ्यांपैकी कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. नंतर घरी येऊन मुलांनी परातीत माती थापून तोच उतार केला आणि तांब्याने पाऊस पाडला.

मग एप्रिल-मेमध्ये त्याच टाक्यापाशी परत. कुठल्या टाक्यात अजून पाणी आहे? ते सावलीत आहे की उन्हात? तोंड अरुंद आहे की रुंद? पावसाळ्यापुरते वस्तीला आलेले भिक्षू पुढे बाराही महिने इथे कसे राहू शकले, याचं उत्तर मुलं तिथे उभी राहून देतात. तिथून आपल्या घरातल्या नळावर यायला वेळ लागत नाही. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. हेच डोंगर तेव्हा लेण्यांतल्या माणसांना पाणी देत होते आणि आज शहराला देतात.

दुसरा उपक्रम साबणाचा. कपडे धुवायच्या साबणाची मोठी वडी, आइस्क्रीमची काडी आणि एक बोथट खिळा. लेणं खोदायचं, पण अट अशी की आधी छत पुरं करायचं आणि मग खाली यायचं. खांब कोरायला सुरुवात केली की मुलांच्या लक्षात येतं, जिथे खांब हवाय तिथला साबण आधीपासून राखून ठेवायला हवा होता. चुकलं की परत चिकटवता येत नाही. हे करून मगच त्यांना क्रमांक १ च्या अर्धवट राहिलेल्या लेण्यात नेतो. साबण कोरलेलं मूल तिथे किती वेळ थांबतं ते बघण्यासारखं असतं.

आता मला हे विचारायचंय. एक, पुण्याकडे किंवा इतरत्र असं कोणी करतंय का? दोन, शिलालेख मुलांना कसे शिकवावेत? तीन, गट वाढवायचा की नाही?

ठाणेकर_बाबा

फार छान धागा. मुलाला घरी शिकवायचा आमचा विचार चाललाय, म्हणून दोन प्रश्न. हे सगळं कायद्यात बसतं का, आणि पुढे दहावीचं काय? बायकोची काळजी वेगळीच आहे. ती म्हणते, जंगलात बिबटे आहेत.

कारवी

बाबा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिलाय. घरशाळेला त्यात वेगळी मान्यता नाही आणि तशी स्पष्ट बंदीही नाही. दहावीला आमच्यातली मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून बसतात. त्यासाठी किमान वय १४ लागतं. यावर वेगळा धागा काढा, इथे फाटे फुटतील.

बिबटे आहेतच, जंगल त्यांचंच आहे. उजाडल्यावर जायचं, मळलेली वाट सोडायची नाही, मुलांच्या पुढे एक आणि मागे एक मोठं माणूस, आणि कोणीही एकट्याने झाडीत जायचं नाही, लघवीलासुद्धा. खरं सांगायचं तर मला बिबट्यापेक्षा पावसाळ्यातल्या शेवाळाची आणि उघड्या टाक्यांची धास्ती जास्त वाटते. टाकी खोल आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात हवाच. ओढ्याला पाणी चढायला लागलं की आम्ही पलीकडे जात नाही, निम्मा उपक्रम राहिला तरी. आणि माकडांसमोर डबा उघडायचा नाही.

अक्षरवेडा

कारवीताई, शिलालेखांबद्दल मी सांगतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ब्राह्मी, म्हणजे या लेखांची जुनी लिपी, शिकलो आणि आता नातवंडांना शिकवतो.

आधी एक विनंती. अक्षरांवर खडू, कोळसा, पाणी काहीही लावू देऊ नका, कागद ठेवून घासूही देऊ नका. ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि झिजलेलं अक्षर परत येत नाही. बोट अक्षरापासून वीतभर लांब ठेवून हवेत गिरवायला शिकवा. मुलांना ते लगेच जमतं.

सुरुवात सोप्या अक्षरांनी करा. क म्हणजे बेरजेचं चिन्ह. ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, त्यात टिंब आलं की थ. ग म्हणजे घराचं उतरतं छप्पर, भिंतींशिवाय. एवढी चार अक्षरं घरी ओल्या मातीच्या पाटीवर गिरवून घ्या आणि मग लेण्यांपाशी न्या. पहिल्या दिवशी मुलांनी फक्त क शोधायचा. मी वाचून दाखवत नाही. मुलं क मोजत भिंतीवरून सरकतात, मग एखाद्या क ला वर किंवा खाली रेघ जोडलेली दिसते आणि विचारतात, आजोबा, हा क असा का? काना-मात्रा तिथे शिकवायची. नेहमीचा क उभ्या रेघेत लांबलेला दिसेल, बुडाशी किंचित वळलेलाही. शतकागणिक अक्षराचं वळण बदलत गेलं, हे मुलांना दोन वेगवेगळ्या लेण्यांतले क शेजारी शेजारी काढायला लावलं की आपोआप कळतं.

पुढच्या खेपेला शब्द. 'देयधम' म्हणजे दान, आणि तुम्ही सांगितलेली 'पोढी'. हे दोन शब्द कान्हेरीत पुन्हा पुन्हा येतात. दान देणारे कुठले? सोपारा, कल्याण, चेमुल म्हणजे आपलं चौल. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. तुमच्या गटात कल्याण-डोंबिवलीकडचं मूल असेल तर त्यालाच तो शोधायला लावा. राजांची नावंही आहेत, चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या मोठ्या लेण्याच्या, लेखात यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं नाव येतं. पण माझ्या नातवाला सोनारच लक्षात राहिला. राजाने दान देणं त्याला साहजिक वाटतं, सोनाराने का दिलं हे मात्र तो अजून विचारतो. मग आम्ही नकाशा काढला: सोपारा आणि कल्याण ही बंदरं, घाटावर जाणारे रस्ते आणि मध्ये हा डोंगर.

मोठ्या मुलांसाठी ९० क्रमांकाचं लेणं. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे, तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी कोरलेले. त्यांनी आपली नावं लिहून ठेवली. एवढं सांगून मी गप्प बसतो. हल्ली भिंतींवर खिळ्याने नावं कोरणाऱ्यांचा विषय मुलं स्वतःच काढतात, आणि दोन्हींत फरक काय यावर भांडतात. भांडू द्यावं.

सह्यवारा

सगळं वाचलं, आवडलं. निसर्गाची बाजू थोडी वाढवतो.

राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणायचं नाही. पीस नाही, बी नाही, गळलेलं पानही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं क्षेत्र आहे ते. मुलांचे खिसे भरतात हे मला माहीत आहे, पण हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि कारणासकट सांगा. जमवायचं असेल तर आपल्या सोसायटीतलं झाड आहे.

कारवी, तुमचं नाव कारवी आणि कारवीबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कारवी हे जंगलातलं झुडूप, दर आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी धरून मरते. बोरिवलीच्या जंगलात २००८, २०१६ आणि मग २०२४ साली फुलली. २०२४ ला जे मूल आठ वर्षांचं होतं ते पुढच्या फुलोऱ्याला सोळाचं असेल. आत्ता लहान मुलांना हाताला काम हवं असेल तर कारवी मोजायला द्या. दोरीने मीटरभर चौकोन आखायचा, त्यात रोपं किती आणि मुलाच्या गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, ते लिहायचं. पुढच्या वर्षी त्याच जागी परत. जागा लक्षात ठेवायला जवळच्या मोठ्या झाडाचं चित्र काढायचं, झाडावर खूण करायची नाही. मूल आणि कारवी दोघांची उंची एकाच वहीत.

आणि कारवीत इतिहास आहेच की. कोकणात, सह्याद्रीत कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, घालून त्यावर शेण-मातीचा गिलावा देतात. त्याच भिंतींच्या घरांत पिढ्या राहिल्या. गावाकडे कोणाचं कुडाचं घर उभं असेल तर मुलांना एका भिंतीला गिलावा करायला लावा. हात दोन दिवस वास सोडत नाही, पण त्यातून जे शिकतात ते कुठल्याच फेरीत मिळत नाही.

ओंबीलही विसरू नका, त्या झाडावरच्या तांबड्या मुंग्या. पानं ओढून धरायची आणि अळ्यांच्या रेशमाने शिवायची, असं घरटं त्या बांधतात. हात न लावता, दोन हात लांबून एकच घरटं अर्धा तास बघायचं. अर्ध्या तासात सहा वर्षांचं मूल जे सांगतं ते मी कित्येकदा वहीत उतरवून घेतलंय.

पेठकरीण

पुण्याहून. आम्ही दोनच कुटुंबं आहोत, गट वगैरे नाही. आमचं ठिकाण पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर, शेजारी बाग, सकाळी शांत असतं. आठव्या शतकातलं, एकाच खडकात खोदलेलं, आणि पुढचा गोल नंदीमंडप मुलांना फार आवडतो. कामही पुरं झालेलं नाही, त्यामुळे तुमचा साबणाचा प्रयोग इथेही चालेल, उद्याच वडी आणते.

आम्ही एक करतो: मुलींना मंडपाचे खांब कवेत मोजायला लावतो. हात खडकाला न टेकवता, बाहेरून दोरी धरून. मग तीच दोरी घेऊन बागेतलं वडाचं झाड मोजायचं. थोरलीने खांबांचा सगळा हिशेब दोरीच्या गाठींत ठेवलाय.

पण मला मदत हवी आहे. टेकडीवर आणि लेण्यात मुली रमतात, घरी आल्यावर लिहायला बसत नाहीत. तुम्ही नोंदी कशा ठेवता?

कारवी

पेठकरीण, लिहायला लावतच नाही. मूल बोलतं आणि मोठं माणूस त्याच्याच शब्दांत उतरवून घेतं, जसं सह्यवारा करतात. दहाच्या पुढची मुलं आपणहून वही घेतात. दोरीच्या गाठी हीसुद्धा नोंदच आहे, आणि उत्तम आहे. त्यावर तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा.

सह्यवारा, चौकोनाची कल्पना या मंगळवारपासूनच घेतो. अक्षरवेडाकाका, तुम्ही एखाद्या मंगळवारी याल का? तुमच्या नातवंडांसह.

जर्सीकर

वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो, दोन्ही मुलं घरीच शिकतात. इथे घरशाळा करणारे बरेच आहेत, आणि उद्यानांत दुपारपर्यंत शाळेची मुलं नसल्याने तो वेळ त्यांच्यासाठी वापरायची पद्धत पडून गेली आहे.

राष्ट्रीय उद्यानांत मुलांसाठी ज्युनिअर रेंजरचा, म्हणजे छोट्या उद्यान-रक्षकाचा, उपक्रम असतो. मुलाने पुस्तिका घ्यायची, त्यातली कामं तिथेच फिरून करायची, रेंजरला दाखवायची, मग शपथ आणि बिल्ला. रेंजर मुलाशी गुडघ्यावर बसून बोलतात, उत्तरं खरोखर वाचतात, ते मला फार आवडतं. पण कारवी म्हणते तेच इथेही होतं. बिल्ला मिळाला की मुलाच्या लेखी ती जागा संपली. म्हणून आम्ही मॉरिसटाउनचं ऐतिहासिक उद्यान धरून ठेवलंय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७९-८० च्या भयंकर हिवाळ्यात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याची छावणी तिथे जॉकी हॉलो नावाच्या जंगलात होती. सैनिकांनी झाडं तोडून हजारावर लाकडी झोपड्या बांधल्या होत्या. आज तिथे नमुन्यादाखल काही उभ्या आहेत. एका झोपडीत बारा माणसं, आणि जागा सुमारे चौदा बाय सोळा फूट. आमच्या गटाने काय केलं, तर गवतावर दोरीने तेवढा चौकोन आखला आणि त्यात बारा मुलांना आडवं व्हायला सांगितलं. मग मध्ये चूल मांडायची जागा काढा म्हटलं. मुलांनी तासभर जागा बदलून बघितल्या. जानेवारीत परत गेलो तेव्हा धाकट्याने पहिली गोष्ट विचारली ती लाकडाची: एवढी झाडं तोडल्यावर सरपण आणायला किती लांब जावं लागत असेल? जंगल आणि लढाई त्याने एकाच प्रश्नात आणली.

दुसरं ठिकाण मर्सर काउंटीतलं हॉवेल शेत. १९०० च्या आसपास शेती जशी चालायची तशी तिथे अजून चालवतात, घोड्यांच्या नांगराने. थंडीत तळं पुरेसं गोठलं तर करवतीने बर्फ कापायला मिळतो. थंडी सरताना मेपलच्या झाडांचा रस काढतात आणि आटवून पाक करतात. साधारण चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक. मुलं आळीपाळीने लाकडं सारतात, रस हलवतात. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, मग हे आपलं गुऱ्हाळच की. पुढच्या सुटीत मुलांना कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर न्यायचं ठरलंय. त्यांच्या डोक्यात तुलना तयारच आहे.

शाळेतली_ताई

मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. धागा मनापासून आवडला, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिते. त्या उद्यानात वारली पाडे आहेत. तिथली मुलं ओंबील, कारवी, पावसाळी भाज्या, वाघोबाचं ठाणं, म्हणजे वाघदेवाची जागा, हे सगळं जाणतात. तुमची मुलं जंगलात 'उपक्रमाला' येतात, ती तिथे राहतात. त्यांच्या आई-वडिलांना किंवा आजोबांना शिकवायला बोलावलंय का कधी? आणि बोलावलंत तर मानधन द्या, चहा आणि टाळ्यांवर भागवू नका. शहरातल्या एका महागड्या कार्यशाळेत आमच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना दिवसभर बसवून निघताना जुने कपडे दिले होते. मला त्याचा अजून राग आहे.

सह्यवारा

ताई, अगदी शंभर टक्के. पावसाळ्यातली कोणती भाजी खायची आणि कोणती उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे मी पुस्तकातून शिकलोच नाही, पाड्यावर शिकलो.

कारवी

ताई, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्याकडे एका पाड्यावरच्या काकू येतात, पानांच्या वाट्या करायला शिकवतात, आणि दर वेळी ठरलेली रक्कम घेऊन जातात. प्रत्येक कुटुंब त्यासाठी वर्गणी काढतं. पण सगळा वेळ त्यांनीच चालवायचा आणि आम्ही मुलांबरोबर खाली बसायचं, असं अजून केलेलं नाही. ते करायला हवं. त्यांच्या मुलीला मंगळवारी शाळा असते, म्हणून महिन्यातून एक दिवस रविवारी ठेवू. म्हणजे ती आणि तिच्या मैत्रिणीही येऊ शकतील, आणि सह्यवाराच्या चौकोनातली कारवी सगळे मिळून मोजतील.

गट वाढवण्याबद्दल माझा निर्णय झालाय. एका वेळी बारा मुलं, त्यापेक्षा जास्त नाहीत. पन्हळीपाशी चार डोकी वाकली की पाचव्याला काही दिसत नाही. जास्त कुटुंबं असतील तर दुसरा गट, दुसरा वार. उद्यानाच्या कार्यालयात आधी सांगून, नियम विचारून जायचं, ते वेळोवेळी बदलतात. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, पुरातत्त्व खात्याचं, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही.

ठाणेकर_बाबा

आम्ही पुढच्या मंगळवारी येतो. मुलाला क दाखवला, तो सकाळपासून घरभर बेरजेची चिन्हं शोधत फिरतोय. काय काय आणायचं?

कारवी

पाटी-पेन्सिल, पाच मीटर सुतळी, पाण्याची बाटली, घट्ट झाकणाचा डबा, मागून पट्टा असलेल्या चपला किंवा पकड असलेले बूट. पाऊस असेल तर रेनकोट, छत्री नको, दोन्ही हात मोकळे हवेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, डास भरपूर आहेत. सकाळी साडेसातला बोरिवली पूर्वेच्या मुख्य दाराशी भेटू. तिथून लेणी सहाएक किलोमीटर आहेत, आतली बस मिळाली तर बसने, नाहीतर लहान मुलांच्या चालीने चालत. मुलाचं वय आणि त्याला पोहता येतं का, ते मला निरोपात कळवा.